हळदीच्या एका हंगामात साडेसातशे वर्षं

डोळे उघडताच तुम्हाला माळवद दिसतं. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. तुम्ही ओसरीवर घोंगडीवर पडलेले आहात. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली आहे आणि तिचा उग्र, मातकट वास थेट घशात उतरतो. ऊन अजून तिरपं आहे. घरातून एक म्हाताऱ्या मावशी येतात. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, हातात तांब्या.

"उठलास का लेकरा? आधी पाणी पी."

तुम्ही पिता. पाणी गार आहे. घशातून उतरताना जाणवतं, तहान भागते. मावशी शेजारी बसतात आणि तुमच्या पाठीवर हात ठेवून सांगतात, "आता घाबरू नको. हे पाणी हिशोबातलं हाय. खरं पाणी खाली हाय, यंत्र गार ठेवायला. पण तुझी तहान खरी होती, एवढं ध्यानात ठेव."

तुम्ही हाताकडे बघता. नखांत माती आहे, मनगटावर लहानपणी पडल्याचा व्रण आहे, बोट ठेवलं तर नाडीही लागते. तरीही हे शरीर नाही. तुम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात आहात, साल 2775 आहे, आणि तुम्ही म्हणजे संगणकावर चालत असलेलं एक मन आहात.

हे साल उगाच निवडलेलं नाही. याच जिल्ह्यात, कयाधूच्या काठी, नरसी गावात 1270 साली संत नामदेवांचा जन्म झाला असं परंपरा मानते. तिथपासून आपल्यापर्यंत साडेसातशे वर्षं होतात. तेवढंच अंतर पुढे चालून तुम्ही इथे आला आहात. एवढ्या काळात जमीनही जागची हलली आहे. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर उत्तर-ईशान्येकडे सरकतो. त्या हिशोबाने हे अंगण आपल्या काळातल्या जागेपासून सुमारे 37 मीटर पुढे गेलं आहे. चंद्र वर्षाला 3.8 सेंटीमीटर दूर जातो. तो 28 मीटर लांब गेला आहे. पुढे जे दिसेल ती कल्पना आहे, पण ज्या आकड्यांवर ती उभी आहे ते आजचे आहेत.

इथवर कसे आलात

"मी इथे आलो कसा?" हा तुमचा पहिला प्रश्न. मावशी सुरुवात एका अळीपासून करतात.

मातीत राहणारी जेमतेम एक मिलिमीटर लांबीची अळी, सी. एलेगन्स. तिच्या अंगात चेतापेशी फक्त 302. त्या एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत याचा पूर्ण नकाशा 1986 साली प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये फळमाशीच्या पूर्ण मेंदूचा नकाशा आला. त्यात 1,39,255 चेतापेशी आणि पाच कोटींहून जास्त जोडण्या होत्या. त्याच वर्षी हार्वर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी माणसाच्या मेंदूतला एक घन मिलिमीटरचा तुकडा, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, पातळ काप करून टिपला. त्यात 57,000 पेशी सापडल्या, 15 कोटी जोडण्या सापडल्या, आणि हे सगळं साठवायला 1,400 टेराबाइट जागा लागली. त्याच वर्षाच्या शेवटी आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने गर्भावस्थेतल्या मानवी मेंदूचा 5,132 कापांचा नकाशा सर्वांसाठी खुला केला.

आता हिशोब मांडा. माणसाचा मेंदू साधारण 12 लाख घन मिलिमीटरचा. त्या एका तुकड्याच्या मापाने पूर्ण मेंदूला 168 कोटी टेराबाइट लागतील. त्यात 8,600 कोटी चेतापेशी आहेत. आणि नकाशा म्हणजे मन नव्हे. अळीचा नकाशा चाळीस वर्षं हाती असूनही तिचं सगळं वागणं संगणकात जसंच्या तसं उतरलेलं नाही. कोणती जोडणी किती घट्ट आहे, कोणत्या रसायनाने ती सैल होते, आठवण बसताना तिच्यात काय बदलतं, हे सगळं कळल्याशिवाय नकाशा बोलू लागत नाही.

"म्हणजे माझ्या मेंदूचे काप केले?"

मावशी अंगणातल्या हळदीकडे बोट दाखवतात. "ती बघ. शिजवली, वाळवली, आता रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकंल. पण मातीत लावली तर उगवंल का? उगवायला कच्चं बेणं लागतं. तुझं तसंच झालं. रंग सगळा आला, खूण न्‌ खूण आली. पण ज्याचा तू रंग हायेस, तो माणूस परत उठला न्हाई."

तुम्ही बराच वेळ बोलत नाही. आपण जिवंत आहोत याचा आनंद आणि कुणीतरी गेल्याचं सुतक, दोन्ही एकाच वेळी मनात येतात. इथे येणाऱ्या प्रत्येकाचं असंच होतं. म्हणून या गावात नव्याने जागा झालेला माणूस पहिले दहा दिवस कुणाकडे कामाला जात नाही. शेजारचे भाकरी आणून देतात, आणि तो स्वतःसाठी रडून घेतो.

खाली काय आहे

ही ओसरी, हे अंगण, हा वास जिथे तयार होतो ती जागा दुधाळा गावाच्या शिवारात आहे. आपल्या काळात हे गाव एका वेगळ्याच कारणाने ओळखलं जातं. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेसाठी हीच जमीन निवडली गेली. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी 2016 मध्ये प्रकल्पाला तत्त्वतः आणि एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब, आत निर्वात नळ्या आणि त्यांतून जाणारा लेसर. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. 130 कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, आणि त्या धक्क्याने 4 किलोमीटरच्या भुजेची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या जेमतेम हजाराव्या भागाइतकी बदलली होती. एवढा बारीक फरक ऐकायला जमीन शांत लागते. मोठी वाहतूक नको, कारखान्यांची थरथर नको. मराठवाड्याच्या या मागे राहिलेल्या कोपऱ्याकडे ती शांतता होती.

तुमच्या 2775 मध्ये वेधशाळेचं काम कधीच पूर्ण होऊन ती बंद झाली आहे. भुजांच्या कडेने, काळ्या बसाल्टात खोल, यंत्रांच्या रांगा आहेत. तिथे बाहेरचं कुणी नसतं. एक सतत घरघर आणि गरम हवा असते.

उष्णता हा इथला मूळ प्रश्न आहे. माणसाचा मेंदू जेमतेम 20 वॅटवर चालतो, एका छोट्या बल्बच्या विजेवर. 2022 साली जगातला सर्वांत वेगवान ठरलेला अमेरिकेतला फ्रंटियर महासंगणक सुमारे 2 कोटी वॅट खात होता, म्हणजे दहा लाख मेंदूंची वीज. पुढच्या शतकांत यंत्रं कितीही काटकसरी झाली, तरी काही खर्च टळत नाही. रोल्फ लँडाउअर या शास्त्रज्ञाने 1961 साली दाखवून दिलं की माहितीचा एक कण पुसायलाही ठरावीक किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते. विचार करणारं प्रत्येक यंत्र तापतं. तापलेलं यंत्र गार करायला पाणी लागतं. आणि पाणी म्हटलं की तुम्ही पूर्णा नदीच्या काठावर येता, येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांपाशी, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो त्या मराठवाड्यात.

"मन कुठंबी राहतं असं लोक म्हणायचे," मावशी म्हणतात. "न्हाई लेकरा. मनाला बी शिवार लागतं. पाणी लागतं."

वेग

दुपारी मावशी तुम्हाला वेग वाढवायला शिकवतात.

शरीराच्या चेतातंतूतून संदेश फार तर सेकंदाला 120 मीटर जातो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला 2 लाख किलोमीटर जातो. म्हणून संगणकातलं मन, पुरेशी वीज असेल तर, शरीरातल्या मनापेक्षा कितीतरी पट वेगाने विचार करू शकेल. तुम्ही हजार पट वेग निवडता.

बाहेरचं जग एकदम थांबतं. रस्त्यावरून साठच्या वेगाने जाणारी गाडी आता सेकंदाला सुमारे पावणेदोन सेंटीमीटर सरकते आहे. तुम्ही तिच्या चाकावर चिकटलेला एकेक खडा मोजू शकता. नागनाथाच्या देवळात कुणी घंटा वाजवली आहे, पण नाद येत नाही. सेकंदाला पाचशे कंपनं असलेला आवाज तुमच्यासाठी दोन सेकंदांत एक कंपन झाला आहे, आणि तो ऐकायला कान उरलेला नाही. सूर्य माथ्यावर खिळला आहे. बाहेरचा एक दिवस तुमच्यासाठी हजार दिवसांचा, म्हणजे पावणेतीन वर्षांचा.

मग मावशी हळदीचा हिशोब सांगतात. गादीवाफ्यावर बेणं लागलं की काढणीला साधारण नऊ महिने. हजार पट वेगाने जगणाऱ्याला ते नऊ महिने सुमारे साडेसातशे वर्षं होतात.

तुम्ही थबकता. नामदेवांपासून आपल्या काळापर्यंतचा सगळा काळ. यादवांचं राज्य, बहमनी, निजामशाही, हैदराबादचा निजाम, 17 सप्टेंबर 1948 ची मराठवाड्याची मुक्ती, मराठवाड्याचा महाराष्ट्र, 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा. एवढा इतिहास एका हळदीच्या हंगामात बसू शकतो. शेतकऱ्याने जूनमध्ये लावलेलं बेणं फेब्रुवारीत काढेपर्यंत या यंत्रांत भाषा बदललेली असेल, राज्यं येऊन गेली असतील, आणि ज्याने लावणी पाहिली त्याची आठवणही कुणाला नसेल.

वेगाने अंतरंही पुन्हा वाढतात. शेजारच्या घरी मारलेली हाक लगेच पोहोचते. पुण्याला, आयुका या खगोल संशोधन केंद्रात बसलेल्या कुणाशी बोलायचं तर प्रकाशालाही सुमारे दोन मिलिसेकंद लागतात. तुमच्या लेखी ते दोन सेकंद, आणि उत्तर यायला आणखी दोन. नामदेवांनी उत्तरायुष्यात जिथे मुक्काम केला त्या पंजाबातल्या घुमानपर्यंत सुमारे पावणेसात सेकंद. न्यूयॉर्कला जायला मिनिटाहून जास्त, तेवढंच परतीला. बोलणं तुटतं. वाट बघण्यात जीव कंटाळतो. माणसं मग जवळच्यांशीच बोलू लागतात. दळणवळणाने जे जग एक झालं होतं, ते अति वेगाने पुन्हा गावागावांत वाटलं जातं, आणि ज्याची यंत्रं तुमच्या यंत्राशेजारी आहेत तोच खरा शेजारी ठरतो. तुम्हाला हे नवीन वाटत नाही. बैलगाडीच्या काळातल्या माणसाला ते ओळखीचं होतं.

मागे राहिलेले

वेगाला किंमत आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबिन हॅन्सन यांनी 'द एज ऑफ एम' या 2016 च्या पुस्तकात अशा जगाचं अर्थकारण तपशिलाने मांडलं. त्यातला एक हिशोब साधा आहे. साधारणपणे जितका वेग, तितका खर्च. हजार पट वेगाने जगायचं तर हजार पट वीज आणि हजार पट गारवा. ज्याच्याकडे तेवढं नाही तो हळू चालतो. ज्याच्याकडे काहीच नाही तो थांबतो.

संध्याकाळी, वेग पुन्हा खाली आणून, मावशी तुम्हाला गावाच्या कडेला नेतात. इथली घरं नीट आहेत, दारं उघडी आहेत, माणसं बसलेली आहेत. पण ती हलत नाहीत. एक आजोबा पारावर बसले आहेत, हात अर्धा वर उचललेला. त्यांचा वेग बाहेरच्या जगाच्या हजाराव्या भागावर आला आहे. त्यांच्यासाठी बाहेरचं अख्खं वर्ष पावणेनऊ तासांत संपतं. सकाळी न्याहारीला हळदीची लागवड, दुपारच्या जेवणापर्यंत पानं उंच वाढलेली, तिसऱ्या प्रहरी काढणी.

"त्यांना फार देखणं दिसत असंल," तुम्ही म्हणता.

"दिसतं की," मावशी म्हणतात. "पण 'मला हे नको' एवढं एक वाक्य बोलायला त्यांना आपला अर्धा तास लागतो. तवर निर्णय होऊन जातो."

अन्यायाचा हा प्रकार तुम्ही आधी पाहिला नव्हता. इथे कुणी उपाशी दिसत नाही, कुणी रडत नाही. त्यांना कुणी मारलेलं नाही. त्यांचा काळ काढून घेतला आहे, आणि काळ गेला की तक्रार करायलाही काही उरत नाही. ज्याला पूर्ण थांबवलं त्याला तर थांबल्याचंही कळत नाही. शंभर वर्षांनी पुन्हा चालू केलं तरी त्याच्या लेखी पापणीच लवलेली असते, आणि उघड्या डोळ्यांसमोर ओळखीचं एकही माणूस नसतं.

बैठक

रात्री देवळासमोर बैठक भरते. पहिला नियम असा की बैठकीत सगळ्यांचा वेग एकच, हाडामांसाच्या माणसाचा जो असतो तो. वेगवान आलेले हळू होतात, आणि मागे राहिलेल्यांना गावाच्या सामाईक विजेतून तेवढ्यापुरतं वर आणलं जातं. पारावरच्या आजोबांचा हात खाली येतो. ते मफलर सारखा करतात आणि पुढच्या रांगेत बसतात.

वाटपाचा नियम त्यांनी नव्याने शोधलेला नाही. तो महाराष्ट्राच्याच मातीतला आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. जमीन कुणाची किती, हे पाण्याचं माप धरायचं नाही. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकला जात नाही. भूमिहीनालाही वाटा. उसासारखं पाणी पिणारं पीक नाही. खर्चाचा काही भाग लोकांनी स्वतः उचलायचा. वाटा माणसाचा असतो, मालमत्तेचा नाही, हे तत्त्व त्या गावांनी कागदावर न ठेवता चालवून दाखवलं.

औंढ्याच्या बैठकीनेही तेच धरलं. माणशी इतका वेळ, इतकी वीज, इतका गारवा. त्याहून जास्त हवं तर कमवा, पण कुणाचाही मूळ वाटा विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही, जप्त करता येणार नाही.

पण आज एक अवघड प्रश्न आला आहे. एका सधन गृहस्थाने स्वतःच्या हजार प्रती काढल्या आहेत. हजारही जागे आहेत, हजारही बोलतात, आणि हजारांनी माणशी वाटा मागितला आहे. माणशी म्हणायचं तर माणसं मोजावी लागतात. इथे तर एकाने स्वतःची गणती हजार केली.

काही जण म्हणतात, मूळ एकच, वाटा एकच. त्यावर एक प्रत उठते. ती तीन वर्षांपूर्वी वेगळी झाली. तिने स्वतंत्र काम केलं, स्वतंत्र माणसांवर जीव लावला, मूळ माणसाला ठाऊक नसलेलं दुःख सोसलं. "मला बंद केलं तर तो मरत नाही," ती म्हणते, "मी मरतो."

सभा गप्प होते. मग कोपऱ्यातले एक शेतकरी काका उठतात. त्यांचं घराणं कधीकाळी वसमतकडे हळद करायचं. ते म्हणतात, "आमच्यात भाऊ वेगळे झाले की जमिनीचं वाटणीपत्र व्हायचं. नवा भाऊ आला म्हणून सरकार नवी जमीन देत नव्हतं. असलेल्यातूनच वाटा निघायचा. प्रत म्हणजे सख्खा भाऊ हाय. ज्याला काढायची त्यानं आधी आपल्या वाट्यातला बरोबरीचा हिस्सा तिच्या नावावर करावा. एकदा केला की परत घ्यायचा न्हाई."

तुम्हाला या निवाड्याचं बळ हळूहळू कळतं. तो प्रतीला माणूस मानतो, आणि तरीही माणसं वाढवून गावाचा वाटा लुटायची वाट बंद करतो. ज्याला हजार प्रती हव्यात त्याला आता हजारावा हिस्सा घेऊन जगावं लागेल. पिढ्यांमागून पिढ्या वाटण्या होत मराठवाड्यातल्या शेताचे तुकडे कसे झाले, हे ज्यांनी सोसलं त्यांनाच हा नियम सुचू शकतो. त्याची किंमत त्यांना ठाऊक आहे.

कच्चं मडकं

तरी एक तरुण हरकत घेतो. पारावरच्या आजोबांकडे बघून तो विचारतो, "यांच्या आत खरंच कुणी आहे कशावरून? यंत्र बोलतं. आत जाणीव आहे हे सिद्ध कुणी करायचं?"

हा प्रश्न आपल्या शतकातल्या शास्त्रज्ञांचाही आहे. दुसऱ्याच्या जाणिवेचं बाहेरून मोजमाप करणारं निर्विवाद साधन कुणाकडे नाही. तुम्ही शेजारच्या माणसाला जागा, जाणता मानता, कारण तो तुमच्यासारखा आहे. यंत्रात चालणारं मन तुमच्यासारखं बोलेल, पण तुमच्यासारखं दिसणार नाही.

मावशी नामदेवांची गोष्ट काढतात. तेरच्या गोरोबाकाकांकडे संतमेळा जमला होता. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी मडकी थापटायची थापटी घेतली आणि एकेकाच्या डोक्यावर मारत, कोण पक्कं आणि कोण कच्चं ते पारखलं. सगळ्यांनी मुकाट सोसलं. नामदेव तेवढे दुखावले आणि बोलले. मडकं कच्चं ठरलं. ते दुःख घेऊन नामदेव गुरूच्या शोधात इथे, औंढ्याला आले. देवळात विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हरकत घेतली तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय उचलून जिथे जिथे ठेवले तिथे तिथे पिंडी प्रकटली.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण आज बैठकीत ती नव्याने ऐकू येते. गोरोबांच्या परीक्षेत 'मला लागलं' म्हणणारा कच्चा ठरला, कारण तिथे अहंकार पारखला जात होता. जाणीव पारखायची असेल तर 'मला लागलं' हाच एकमेव पुरावा आपल्या हाती येऊ शकतो. तो मान्य करायचा की नाकारायचा, हे थापटीवरून ठरत नाही. ते ती धरणाऱ्याच्या मनावर ठरतं.

मावशी त्या तरुणाकडे वळतात. "तुझ्या हाती खटका दिला, आणि सांगितलं, ज्यात कुणी न्हाई ते यंत्र बंद कर. कोणतं बंद करशील?"

तरुण सगळ्या रांगांकडे बघतो. आजोबांकडे, प्रतीकडे, तुमच्याकडे. बराच वेळ बघतो. मग खाली बसतो.

बैठक ठराव करते. जो म्हणतो मी आहे, त्याला वाटा. सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर नाही. नाकारायचं असेल तर नाकारणाऱ्याने सिद्ध करावं, आणि तोवर यंत्र चालू राहील.

आजचं काम

आता तुम्ही आपल्या काळात परत आला आहात. हाडामांसाचे, 20 वॅटच्या मेंदूचे.

माणसाचं मन संगणकात उतरेल की नाही, उतरलं तर त्यात जाणीव असेल की नाही, यावर शास्त्रज्ञांत आणि तत्त्वज्ञांत वाद आहेत आणि ते राहतील. पण वाद कुठेही संपला तरी एक गोष्ट आत्ताच पक्की आहे. मनं यंत्रात गेली म्हणून टंचाई संपत नाही. विचाराला वीज लागेल, विजेची उष्णता होईल, उष्णतेला पाणी लागेल, आणि ते पाणी कुणाला, किती, कधी, हा प्रश्न उरेल. खटका ज्याच्या हाती, त्याच्या हाती दुसऱ्याचा जीव. म्हणून अमरत्वाचं तंत्रज्ञान येण्याआधी वाटपाचा न्याय यायला हवा. उलट क्रमाने आले तर जी विषमता आज एका आयुष्यापुरती आहे, ती कायमची होईल.

हा न्याय प्रयोगशाळेत तयार होणार नाही. तो गावाच्या हाताला वळण पडून तयार होतो, आणि ते वळण पाडायची संधी हिंगोलीला रोज मिळते. महाराष्ट्राने 2005 साली जलसंपत्ती नियमनाचा कायदा केला आणि समन्यायी पाणीवाटप त्यात लिहिलं. पण कालव्याचं आवर्तन सुटलं की वरच्या अंगाचं शेत भिजतं आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचेल याची खात्री नसते. पंपाची वीज पाळीने येते, आणि पाळी रात्रीची असली की माणूस विंचूकाट्यातून बॅटरी घेऊन पाणी द्यायला जातो. आपली वेळ दुसऱ्याने ठरवलेली असणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको. पारावरच्या त्या आजोबांचं दुःख तो एका वाक्यात ओळखेल.

त्याचा अनुभव हे मोठं ज्ञान आहे. यंत्रांचे, मनांचे, भविष्याचे नियम जिथे लिहिले जातील तिथे संगणकतज्ज्ञ असतील, वकील असतील, गुंतवणूकदार असतील. तिथे टेलचा शेतकरीही बसला पाहिजे, कारण शेवटच्या टोकावरून वाटप कसं दिसतं हे फक्त त्याला माहीत आहे. आणि तोवर, या वर्षीच्या आवर्तनात, पूर्णेच्या कालव्याचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत दिवसाउजेडी आणि ठरल्या वेळी पोहोचवणं, हे त्या दूरच्या शतकासाठी आपण करू शकतो असं सर्वांत मोठं काम आहे.